चुकलेल्या उत्तरामागील मूल

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



'बालमनाचा विकास' हा विषय मला नेमून देण्यात आला आहे. विषय मोठा आहे, वेळ थोडा आहे, आणि जेवणानंतरचे हे पहिलेच भाषण आहे, याची मला जाणीव आहे. शैशवापासून किशोरवयापर्यंतच्या अवस्थांची नावे आणि वये सांगून मला मोकळे होता आले असते. परंतु ती यादी डी. एड. च्या परीक्षेसाठी आपण सर्वांनीच एकदा पाठ केली आहे, आणि परीक्षा संपताच बहुतेकांनी ती सोडूनही दिली आहे. तेव्हा तिची उजळणी न करता मी एकाच प्रश्नाभोवती बोलणार आहे. मूल चुकीचे उत्तर देते, त्या क्षणी त्याच्या मनात काय चाललेले असते?

हा प्रश्न मला सुचावयास फार उशीर लागला. तो का लागला, हे आधी सांगतो.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तीस, एकतीस, बत्तीस हे अंक ती बिनचूक लिहीत असे. परंतु मी 'एकोणतीस' म्हटले की ती पाटीवर ३९ लिही. 'एकोणचाळीस' म्हटले की ४९. मी तिला २९ हा अंक वीस वेळा लिहावयास लावला. तिने तो वीस वेळा सुवाच्य अक्षरात लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी 'एकोणतीस' म्हणताच पुन्हा ३९ लिहून पाटी पुढे धरली. तेव्हा सर्व वर्गासमक्ष मी जे बोललो, ते येथे उच्चारावयाची मला लाज वाटते. त्या दिवसापासून तिने पाटी पुढे करणे सोडले. विचारले की ती खाली बघत असे. दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडणीसाठी गेले आणि तिलाही बरोबर घेऊन गेले. पुढच्या जूनमध्ये हजेरीपटावर तिचे नाव होते. ती आली नाही.

ती काय करीत होती, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. त्या गोष्टीकडे मी परत येईन. तेथे पोहोचण्यासाठी आपणांस थोडे पाळण्यापासून चालत यावे लागेल.

तान्ह्या मुलाला काही कळत नाही, असे आपण सहज म्हणतो. हे खरे नाही. १९८० साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी जन्मून तीन दिवसही न झालेल्या बालकांच्या तोंडी एक चोखणी दिली. विशिष्ट लयीत चोखले की आईचा आवाज ऐकू यावा, दुसऱ्या लयीत चोखले की परक्या स्त्रीचा, अशी योजना केलेली होती. बालकांनी आपले चोखणे बदलून आईचा आवाज मिळविला. ज्याला मान धरता येत नाही, ते मूलसुद्धा जगात निवड करीत असते.

त्याहून आपल्या कामाचा असा एक प्रयोग कॅनडात झाला. तो १९८४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात हिंदीतील 'त' आणि 'ट' हे ध्वनी वापरले होते. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना या दोहोंतील फरक सहसा ऐकू येत नाही. परंतु त्यांच्याच घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना तो ऐकू येत होता. दहा ते बारा महिन्यांच्या वयात पाहिले, तर त्या बालकांची ही शक्ती बरीचशी ओसरलेली होती. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बालकांची मात्र ती टिकून होती. म्हणजे बोलू लागण्याच्या आधीच मूल आपल्या घरच्या भाषेसाठी कान तयार करून ठेवते. जे ध्वनी घरात उपयोगाचे आहेत ते जपते, आणि नसलेले बाजूस सारते.

आता आपल्या वर्गाकडे पाहा. एखादा मुलगा 'पाणी' हा शब्द 'पानी' असा लिहितो. आपण तांबड्या शाईने त्यावर रेघ मारतो. ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत 'पानी' असाच शब्द उच्चारला जातो, त्या घरातील मुलाने आपल्या कानाशी प्रामाणिक राहून तो लिहिला आहे. 'ण' त्याला शिकवावयाचा आहेच. तो न शिकविणे हा त्याच्यावर अन्याय होईल. परंतु शिकविताना हे ध्यानात असावे की, त्याच्याजवळ ध्वनींची एक पुरी व्यवस्था आहे आणि आपण तिच्यात एकाची भर घालीत आहोत. गोंडी, कोरकू, भिली किंवा वारली बोलणाऱ्या घरांतून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे पदोपदी जाणवते. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे काम केले, त्याचे मर्म मला येथेच दिसते. मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली. मूल आज जेथे उभे आहे तेथे आधी आपण जावयाचे, हा त्यांचा क्रम होता.

दोन-अडीच वर्षांचे मूल बोलू लागले की घरात मोठा आनंद असतो. त्या बोलण्यातील चुकाही आपणांस गोड वाटतात. (हाच गोडवा सहाव्या वर्षी कोठे जातो, हे मला नेहमी नवल वाटते.) 'मी केलं' असे म्हणावयाच्या जागी मूल 'मी करलं' म्हणते. हा शब्द त्याला कोणी शिकविला? घरात तसे कोणीच म्हणत नाही. तो अनुकरणातून आलेला नाही. 'धर' पासून 'धरलं', 'भर' पासून 'भरलं', हे त्याने शेकडो वेळा ऐकले, त्यातून नियम काढला, आणि तो 'कर' या धातूस लावला. नियम बरोबर आहे. वाकडी आहे ती आपली भाषा. ज्याला व्याकरण हा शब्दही ठाऊक नाही, त्याने व्याकरणाचा नियम शोधून काढला आहे, आणि त्याचा पुरावा आपणांस त्याच्या चुकीतूनच मिळतो. ते नुसते ऐकलेले परत म्हणत राहिले असते, तर 'करलं' हा शब्द त्याच्या तोंडी कधी आलाच नसता.

चुकीकडे असे पाहण्याची दृष्टी ज्याने शास्त्रात आणली, त्याचे नाव झाँ पियाजे. हा स्वित्झर्लंडमध्ये १८९६ साली जन्मला. पहिले महायुद्ध संपल्यानंतर तो पॅरिसला गेला. तेथे मुलांसाठी तर्काच्या काही चाचण्या प्रमाणित करावयाचे काम त्याच्याकडे आले. काम कंटाळवाणे होते: किती मुलांची किती उत्तरे बरोबर आली, याची मोजदाद करावयाची. मोजता मोजता त्याचे लक्ष चुकलेल्या उत्तरांकडे गेले. एका वयाची मुले एकाच प्रकारे चुकतात आणि त्या चुकांना एक पद्धत असते, असे त्याला दिसून आले. मग त्याने मोजणे बाजूस ठेवले आणि मुलांशी बोलावयास सुरुवात केली. पुढची सुमारे साठ वर्षे, १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो हेच करीत होता. आपल्या तीन मुलांच्या बाळपणाच्या त्याने ज्या बारीक नोंदी ठेवल्या, त्या आजही वाचल्या जातात.

त्याचा एक प्रयोग आपणांपैकी कोणालाही उद्या सकाळी करता येईल. सहा चिंचोके एका ओळीत मांडा आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या ओळीत तितकेच मांडा. पाच वर्षांच्या मुलास विचारा, "दोन्ही ओळींत सारखेच आहेत ना?" ते 'हो' म्हणेल. मग त्याच्यादेखत एका ओळीतील चिंचोके दूर दूर सरकवा आणि पुन्हा विचारा. बरीच मुले सांगतील की लांब ओळीत जास्त आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलास हे विचारले तर ते हसेल. उत्तर त्याला इतके उघड वाटते. या दोन वयांच्या मधल्या काळात मनात मोठी उलथापालथ होऊन जाते. डोळ्यांस जे दिसते त्याला मागे सारून, 'कोणी घातले नाही, कोणी काढले नाही, मग संख्या बदलेल कशी?' असा विचार मूल करू लागते. पहिली आणि दुसरी हे वर्ग या उलथापालथीच्या ऐन मध्यावर येतात. पाठ केलेला शंभरपर्यंतचा उजळा आणि संख्येची ही समज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली असून दुसरी नसलेली मुले आपणांपैकी प्रत्येकाच्या वर्गात आहेत.

पियाजेचे सर्व म्हणणे आज जसेच्या तसे मानले जात नाही, हेही सांगितले पाहिजे. दृष्टीआड गेलेली वस्तू असतेच, हे बालकाला आठ महिन्यांच्या सुमारास समजू लागते, असे तो म्हणे. १९८५ च्या एका प्रयोगात पाच महिन्यांच्या बालकांनाही त्याची काही जाण असल्याचे दिसले. चिंचोक्यांच्या प्रयोगाच्या बाबतीत तर एडिंबरो येथील मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांचे सहकारी जेम्स मॅकगॅरिगल यांनी एक शंका काढली, जी मला शिक्षक म्हणून फार झोंबली. त्यांचे म्हणणे असे: मोठ्या माणसाने एकदा प्रश्न विचारला, मुलाने उत्तर दिले. मग त्या माणसाने मुद्दाम, सर्वांच्या देखत, ओळ लांबविली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. अशा वेळी मुलाला काय वाटेल? 'मघाचे माझे उत्तर यांना नको आहे. यांनी काहीतरी बदलले, त्या अर्थी मीही उत्तर बदलावे,' असेच ना? म्हणून त्यांनी एक युक्ती केली. एक खोडकर खेळण्यातले अस्वल खोक्यातून धावत येई आणि ओळ विस्कटून टाकी. मग जणू त्याचा घोटाळा निस्तरण्यासाठी प्रश्न पुन्हा विचारला जाई. चार ते सहा वर्षांच्या ८० मुलांपैकी, मोठ्या माणसाने ओळ हलविली तेव्हा १३ मुलांनी बरोबर उत्तरे दिली होती. अस्वलाने हलविली तेव्हा ५० मुलांनी दिली. मूल वस्तूंबरोबर आपल्यालाही वाचीत असते.

हे वाचले आणि मला आमच्या वर्गातील एक सवय आठवली. उत्तर चुकले की आपण म्हणतो, "काय? पुन्हा सांग." उत्तर बरोबर असले तर पुढे जातो. आठवड्याभरात पहिलीच्या मुलास हे कळते की, गुरुजींनी 'पुन्हा' म्हटले म्हणजे उत्तर बदलावयाचे. त्यानंतर ते अंकांचा विचार करीत नाही. आपल्या चेहऱ्याचा करते. बरोबर उत्तरालाही "हे कसे काढलेस?" असे अधूनमधून विचारावे. ही सवय मोडण्यास मला एक वर्ष लागले, आणि अजूनही घाईत ती परत येते.

आता त्या मुलीकडे येतो.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून मोठा वाद झाला, तो आपणांस आठवत असेल. 'एकवीस' ऐवजी 'वीस एक', 'बत्तीस' ऐवजी 'तीस दोन' असेही वाचावे, अशी त्यात सूचना होती. कोणी भाषेचा ऱ्हास म्हणून हळहळले, कोणी मुलांचे ओझे उतरले म्हणून संतोषले. त्या वादात कोणती बाजू घ्यावी हे सांगण्यासाठी मी आज उभा नाही. परंतु त्यानिमित्ताने मी आमचे संख्यावाचक शब्द प्रथमच मुलाच्या कानाने ऐकले, आणि थक्क झालो.

'बत्तीस' म्हणताना आधी दोन ऐकू येतात आणि मग तीस; लिहिताना मात्र आधी तीन लिहावयाचे आणि मग दोन. जे मूल ऐकलेल्या क्रमाने लिहिते, ते २३ लिहिते. त्याने निष्काळजीपणा केलेला नाही. उलट ऐकलेल्या प्रत्येक आवाजाला त्याने अंक दिला आहे. आणि 'एकोण' ची कथा तर याहून विचित्र. १९ पासून ८९ पर्यंत नऊ एकक असलेल्या प्रत्येक संख्येचे नाव पुढच्या दशकावरून पडलेले आहे. एक उणे तीस ते एकोणतीस. ९९ ला मात्र तो नियम नाही, तेथे नव्व्याण्णव. ज्याला हे कोणी उलगडून सांगितलेले नाही, ते मूल काय करील? त्या मुलीने जे केले तेच. 'एकोण' ऐकू आले की एककाच्या घरात ९ असतो, हे तिने आपले आपण हेरले होते. 'तीस' ऐकू आले की दशकाच्या घरात ३ असतो, हे तिला पक्के ठाऊक होते, आणि तीस, एकतीस, बत्तीस लिहिताना ते प्रत्येक वेळी खरेही ठरत होते. या दोन ज्ञानांची बेरीज ३९ होते. 'करलं' म्हणणाऱ्या बालकासारखीच ती नियमाने चालली होती. तिला एकच गोष्ट ठाऊक नव्हती, की 'एकोण' म्हणजे एक कमी. आणि ती सांगावयास मला अर्धे मिनिट लागले असते. तीस चिंचोके मांडून एक उचलला असता तरी पुरे होते. वीस वेळा २९ लिहून घेण्यात तिच्या त्या नियमाला कोठेच धक्का लागला नाही. धक्का तिला लागला.

मुलांच्या मनात हिशेबाची स्वतःची रीत असते, आणि ती शाळेच्या रीतीशी जुळली नाही म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण ब्राझील देशातील आहे. तेथील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळे विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्रीच्या ओघात गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के त्यांनी बरोबर सांगितले. तेच हिशेब नंतर कागदावर नुसत्या अंकांत घातले, तेव्हा बरोबर आले ३७ टक्के. एका मुलास चार नारळांचे किती, असे विचारले होते. नारळ ३५ चा एक. तीन नारळांचे १०५ त्याला धंद्यामुळे तोंडपाठच होते. त्यात ३० मिळवून १३५, मग उरलेले ५ मिळवून १४०, असे त्याने तोंडी सांगितले. कागदावर ३५ गुणिले ४ करताना तो म्हणाला: चार पंचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिले २००. रस्त्यावर एका नारळाचे दोनशे कोणी मागितले असते तर त्याने त्याला वेड्यात काढले असते. कागदावर चार नारळांचे दोनशे झाले तरी त्याला खटकले नाही. हातचा आधी मिळवावयाचा की गुणून झाल्यावर, एवढ्यातच त्याची रीत चुकली होती. परंतु अंकांना काही अर्थ असतो, ही कल्पनाच त्याने शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवली होती, हे मला अधिक गंभीर वाटते. आपल्या आठवडी बाजारात आईशेजारी बसून भाजीचे पैसे घेणारी मुले सोमवारी आपल्यासमोर बसतात. त्यांना आपण कोणत्या दाराने आत घेतो?

आपण मनातल्या मनात जे म्हणत आहात ते मला ऐकू येते आहे. द्विशिक्षकी शाळा, एका खोलीत दोन इयत्ता, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन भरावयाची माहिती. यात प्रत्येक मुलाला 'कसे काढलेस' म्हणून विचारीत कोण बसणार? तक्रार खरी आहे, आणि ती वर पोहोचविण्याचे काम मी माझ्या परीने करीत असतो. परंतु प्रत्येक चुकीला विचारा, असे मी म्हणत नाही. जी चूक पुन्हा पुन्हा त्याच आकारात येते, तिला विचारा. घाईने झालेली चूक दर वेळी निराळी असते. मुलाच्या नियमातून आलेली चूक दर वेळी सारखी असते. वर्गात अशी तीन-चारच मुले असतात. विचारतानाही 'का चुकलास' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर कोणाजवळच नसते. 'हे कसे केलेस, मला दाखव' असे म्हणावे. लहान मुलांना तोंडाने सांगता येत नाही. ती चिंचोक्यांनी, बोटांनी, पाटीवर दाखवितात. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन विचारवंताने सांगितले आहे की, मूल आज मोठ्यांच्या मदतीने जे करू शकते, ते उद्या एकट्याने करू शकते. पण मदत कोठे लागते हे त्याने दाखविल्याशिवाय आपणांस कसे समजणार?

एक सूचना करून थांबतो. हे काम वार्षिक नियोजनात लिहावयाचे नाही आणि याचे प्रपत्रही नाही. एक जुनी वही घ्यावी आणि येत्या महिन्यात आपल्या वर्गातील अशी दोन उत्तरे तीत उतरून ठेवावीत: मुलाने काय लिहिले, आणि कसे केले म्हणून दाखविले. मुलाचे नाव लिहू नये. पुढील परिषदेस येताना ती वही बरोबर आणावी. पहिला अर्धा तास आपण तीच वाचू. माझ्या वहीत आज एक उत्तर आहे, ३९ हे. ते मी आपणांस सांगितलेच आहे. दुसरे मी परवा एका शाळाभेटीत पहिलीच्या वर्गात टिपले. पंधरातून सात वजा करून मुलाने बारा लिहिले आहेत. त्याने ते कसे केले, हे मला अजून कळलेले नाही. सोमवारी मी पुन्हा त्या शाळेत जाणार आहे.